पोरीजवळ कोण थांबणार

वडिलांचा पाय ट्रॉलीखाली सापडला तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर ते ओट्यावर बसून राहिले आणि घर आईवर आलं. जमिनीचा तुकडा आमच्या नावावर कधीच नव्हता. दुसऱ्याच्या रानात खुरपणी, कांद्याची काढणी, ते नसेल तेव्हा वीटभट्टी. सकाळी चूल पेटायची. संध्याकाळी पेटलीच तर तिच्यावर काय चढलंय हे शेजारणीला दिसू नये म्हणून आई दार लोटून घ्यायची. गरिबीबद्दल लोक फार गोड लिहितात. मला त्यातलं काही गोड आठवत नाही. मला आठवतो तो लोटलेल्या दाराआडचा धूर आणि माझे चुरचुरणारे डोळे.

गावाबाहेर नदीच्या वळणावर पांढरीचं टेकाड होतं. राखेसारखी भुसभुशीत माती. लोक ती गाड्या भरून न्यायचे आणि धाब्याच्या छपरांवर टाकायचे. एका हिवाळ्यात शहरातून सर लोक आले, सोबत कॉलेजची मुलं आली. त्यांनी तंबू ठोकले आणि टेकाडावर दोऱ्या ताणून चौकोन आखले. खाली फार जुनं गाव आहे म्हणाले. आईला तिथे तीन हिवाळे काम मिळालं. घमेल्याने माती वाहायची, चाळायची, कधी हात हलका आहे म्हणून खुरप्याने जमीन खरवडायलाही बसवायचे. त्या तीन हिवाळ्यांत आमच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटली, हे मी विसरलेली नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हाही लागायची आणि आजही लागते. आईच्या हाताखाली घराची जमीन लागली, चूल लागली, रांजणाचं बूड लागलं, की तिला उठवायचे. पुढचं नाजूक काम कॉलेजच्या मुलांचं, ब्रशने करायचं. आईला दुसऱ्या चौकोनात पाठवायचे. ती जाता जाता मागे वळून पाहायची, तर मुकादम म्हणायचा, "बाई, बघायला आलीस का कामाला?" हंगाम संपला की उघडलेल्या घरांवर प्लास्टिक अंथरायचं आणि त्याच बायकांनी तीच माती परत लोटायची. तसं करावंच लागतं, नाहीतर पावसात सगळं वाहून जातं. हे मला पुढे शिकताना कळलं. आईला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

शेवटच्या वर्षी तालुक्याच्या शाळेत मोठा कार्यक्रम झाला. सापडलेली भांडी टेबलांवर मांडली होती, पडद्यावर चित्रं दाखवणार होते. टेकाडावरच्या बायकांनाही बोलावणं आलं. आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. तिथे गेल्यावर कळलं की बोलावणं पाहुण्यांच्या पंगतीला वाढायचं आहे. सभागृहात टाळ्या वाजत होत्या तेव्हा आई मागच्या पडवीत बुंदी वाढत होती. मी तिच्यासोबत होते. दाराच्या फटीतून मला पडद्याचा एक कोपरा दिसला, तिला तेवढाही दिसला नाही.

पुढे मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मातीच्या शास्त्रातली. नातेवाईक हसले. माती उपसायला कॉलेज कशाला लागतं, म्हणाले. त्यांना उत्तर द्यायला थांबले नाही. शिष्यवृत्ती मिळाली, नेदरलँड्समध्ये वाखनिंगनला आले, मास्टर्स केलं, मग पीएचडी, आता इथेच नोकरी करते. इथे एका व्याख्यानात स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या एका गावाचं चित्र दाखवलं. स्कारा ब्रे. पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं समुद्रकाठच्या वाळूत दडून राहिलेली, एका वादळाने उघडी पाडलेली. त्यांच्यावर कोणी पुन्हा माती लोटली नाही. चुली, दगडी बिछाने, दगडी फळ्या जिथल्या तिथे, आणि कोणीही तिकीट काढून वरून बघावं. मी तिथे बसूनच ठरवलं की हे आईला दाखवायचं.

वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. इथल्या व्हिसावर तिकडे पाऊल ठेवता येत नाही, हे पुष्कळांना विमानतळावर कळतं. मी तोही भारतातूनच करून घेतला होता. तेव्हा कोणाला वाटायला नको की ऑर्कनी हे ओघात ठरलं. आईला मी त्याचसाठी आणलं होतं.

मला गाडी चालवता येत नाही. वाखनिंगनला सायकल आणि बस यांवर आयुष्य निघतं. बेटावर कसं फिरायचं हा प्रश्न होता. गणपती मंडळात ओळख झालेलं एक जोडपं ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात राहतं. मूळचे पुण्याचे, दोघेही आयटीत, आता डच पासपोर्टवाले. मी त्यांना ताई आणि दादा म्हणते. त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र एकच देते, "ने", म्हणजे डचमधलं नाही. आमचा बेत कळल्यावर दादा म्हणाले, "आम्हीपण येतो, गाडी मी चालवतो, काकूंची सोय होईल." मला हायसं वाटलं.

काकूंची सोय. एडिनबराच्या विमानतळावर दादांनी भाड्याच्या गाडीत सामान भरलं तेव्हा त्यात मला एक कुकर दिसला, आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी दिसली, आणि तवा. ताई हसून म्हणाल्या की बाहेर तेच ते चीजचं खाऊन मुलीचं पोट बिघडतं. तवा कोणासाठी आणलाय हे मी विचारलं नाही. दिवसभर उत्तरेला गाडी, मग बोट, मग बेट.

बुइटनव्हेल्डर्टच्या बागांमधून उन्हाळ्यात एक फेरी मारून बघा. साडीवर जॅकेट, पायात पांढरे बूट, हातात बाबागाडी, अशा आया दिसतील. मुलांनी युरोप दाखवायला आणलेल्या असतात. काहींना त्यांचे मुलगा-सून खरंच फिरवतात, ते मी पाहिलंय. पण बऱ्याच जणींना तीन महिन्यांत जे दिसतं ते म्हणजे स्वयंपाकघर, नातवंडाची शाळा आणि सुपरमार्केटातली भाजीची रांग. फोटो एक असतो ट्यूलिपच्या शेतातला, तो गावाकडे सगळ्यांना पाठवला जातो. कामाला बाई ठेवायची तर इथे परवडत नाही, म्हणून आई. असं कोणी बोलत नाही, आणि बोललं तर मोठा अपमान होतो. माझी आई त्यांची आईसुद्धा नव्हती. पण काकू म्हटलं की अर्धा हक्क आपोआप येतो.

पहिल्या संध्याकाळी कॉटेजवर पोहोचलो. समोर समुद्र, गवत, मेंढ्या, आणि उजेड काही मावळायचं नाव घेईना. आई खिडकीत उभी होती. ताईंनी प्रेमाने, हे मुद्दाम सांगते, अगदी प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या हातचं पिठलं-भाकरी झालं ना, तर प्रवासाचा शीण जाईल बघा." आई खिडकी सोडून ओट्यापाशी गेली. मी भाकरी थापायला घेतली तर तिने मला कोपराने बाजूला केलं. सवय असते ती. भाकऱ्या संपल्यावर दादांनी ताट चाटूनपुसून ढेकर दिला आणि म्हणाले, आता तीन दिवस हॉटेलचं नावसुद्धा काढायचं नाही. सगळे हसले. आईही हसली.

दुसऱ्या दिवशी उभ्या दगडांचं मोठं वर्तुळ बघायला गेलो. तळ्यांच्या मधल्या उंचवट्यावर पुरुषभर, काही दोन पुरुष उंचीचे दगड, खाली हेदरची जांभळट झुडपं. गाडी थांबली तेव्हा मुलगी झोपली होती. तिला उठवलं तर दिवसभर किरकिर करील, असं ठरलं. कोणी ठरवलं ते आठवत नाही, पण आई गाडीतच राहिली. मी थांबते म्हटलं, तर आईच मला ढकलायला लागली. "जा गं, मला इथून दिसतंय." काचेतून तिला दोन दगड दिसत होते. मी निम्म्यातून परत आले, तिला म्हटलं चल, तोवर दादा मागून येऊन गाडीत बसलेसुद्धा, पुढच्या ठिकाणाची वेळ ठरलेली आहे म्हणून.

पुढचं ठिकाण म्हणजे थडगं. बाहेरून गवताची टेकडी, आणि आत जायला लांब, बुटका दगडी बोळ. कंबरेत वाकून जायचं. आत मधे दगडी खोली आणि भिंतीत कोनाडे. मुलगी बोळाच्या तोंडाशी म्हणाली, "ने." पुन्हा म्हणाली, "ने." मग बसकण मारली. आई तिच्यापाशी बसली. मला आत माहिती सांगणाऱ्याचं एकही वाक्य ऐकू आलं नाही, इतका माझ्या डोक्यात राग भरला होता. मधल्या खोलीत उभी राहून मी मोजत होते की आईने या बेटावर येऊन काय काय बघितलं आहे. दोन दगड, तवा आणि एक मुलगी.

बाहेर आलो आणि ताईंनी जाहीर केलं की आंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. दादा म्हणाले, अगं पाच हजार वर्षं झाली, आता आत हाडंही नाहीत. ताई म्हणाल्या, मेलेल्यांची जागा ती मेलेल्यांची जागा, माझी आई असती तर तिने मला दारातही घेतलं नसतं. दादा म्हणाले, "मग सगळ्या युरोपालाच सुतक धरायला हवं, जिथे खणाल तिथे कोणीतरी मेलेलंच आहे." मला हसू आलं, नाही असं नाही. पण त्या आंघोळीपायी आम्ही पुन्हा कॉटेजवर आलो. एकामागून एक सगळ्यांचं डोक्यावरून न्हाणं, कपडे वाळत घालणं, आणि तोवर आईने खिचडी टाकली. दुपारी स्कारा ब्रेला जायचं होतं, ते उद्यावर गेलं. उद्याचा दिवस शेवटचा. संध्याकाळी बोट होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचं अंग गरम लागलं. फार नाही, पण कोमट. ताईंनी औषध दिलं. बाहेर वारा होता. ताई म्हणाल्या, हिला या वाऱ्यात नेणं काही बरं नाही. आणि मग आम्ही तिघांनीही एकाच दिशेला पाहिलं. हो, मीसुद्धा, कारण तिकडे कोणी बघतंय का हेच मला बघायचं होतं. आई ओट्यापाशी डबा भरत होती. तिला पाठ फिरवूनही कळलं.

"जावा तुम्ही," ती म्हणाली. "मी बसते पोरीपाशी."

"बघा, काकूंनीच प्रश्न सोडवला," दादा म्हणाले आणि गाडीची किल्ली उचलली.

मी म्हटलं, नाही. आई येणार. तुमच्या दोघांपैकी कोणीतरी थांबा, नाहीतर दोघंही थांबा, मी आणि आई बसने जातो. बस आहे, मी रात्रीच बघून ठेवली होती. दादांना वाटलं मी गंमत करतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की करत नाहीये. ते समजावणीच्या सुरात आले. म्हणाले, एवढ्या लांब, एवढ्या वाऱ्यात, काकूंचे गुडघे, आणि शेवटी तिथे आहे काय, दगडांची खोपटी. फोटो काढून आणू, निवांत बसून दाखवू.

आणि मग ते हसत म्हणाले, "अगं, काकूंनी जन्मभर माती-दगडच पाहिलेत ना? त्यांना काय नवल त्याचं?"

हे मीच त्यांना सांगितलेलं होतं, आईच्या त्या कामाबद्दल. मंडळाच्या जेवणात, अभिमानाने सांगितलं होतं. ते असं परत येईल असं वाटलं नव्हतं.

मी जे बोलले ते मराठीतच बोलले, कारण रागावायला मला दुसरी भाषा येत नाही. मी म्हटलं, पाहिले नाहीत, उपसलेत. उपसलेत आणि दुसऱ्यांनी पाहिलेत. तुम्हाला फरक कळत नसेल तर तुमच्या कॉलेजात काय शिकवलं कोण जाणे. मी म्हटलं, तीन दिवस ती तुमची भांडी घासतेय, तुम्ही एकदा तरी विचारलंत का तिला काय बघायचंय? मी आणखीही बरंच बोलले. सगळं शोभेलसं नव्हतं. त्याची मला खंत नाही.

आईने डबा खाली ठेवला. "अगं बाई, गप की. कशाला तमाशा? लोकांची पोर आजारी आहे." माझा राग तिच्याकडे वळला. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग मला तिचाच आला होता. तुला इतक्या लांब आणलं ते काय पोरी सांभाळायला, तुझ्या पुढ्यात नेऊन ठेवलं तरी तू दुसऱ्याला वाढणार, तुला बघायचंय की नाही ते एकदा सांग. नको असेल तर तसं म्हण, मग मीही इथे बसते आणि तुझ्याबरोबर कांदे चिरते.

आईने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले. दादा किल्ली बोटावर फिरवत होते. ताई मुलीच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या.

"मला बघायचंय," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. कोणाकडे बघून म्हणाली तेही नाही. पण मी तिच्या पोटची, मी तिच्या तोंडून असलं वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. तिच्यासाठी काही मागणारं वाक्य.

पुढे काय होईल असं मला वाटलं होतं ते झालं नाही. मला वाटलं होतं ताई रुसतील. ताई उठल्या, मुलीला उचलून दादांच्या मांडीवर दिलं आणि त्यांच्या बोटातली किल्ली काढून घेतली. "पोर तुमचीपण आहे," म्हणाल्या. "ताप वाढला तर फोन करा. दूध फ्रिजमध्ये आहे." दादा म्हणाले, इथे डाव्या बाजूने चालवायचंय, तुला जमणार नाही. ताई म्हणाल्या, "पुण्यात मी काय उजव्या बाजूने चालवत होते? काकू, बूट घाला." मुलगी बापाच्या मांडीवरून माझ्या आईकडे जायला हात पसरत होती. बापाने धरून ठेवलं तर म्हणाली, "ने." त्या एका वेळी मला ती मुलगी आवडली, पण आम्ही थांबलो नाही.

वाटेत ताई दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होत्या. एकदा आरशात बघून एवढंच म्हणाल्या की त्यांची आई तीनदा ॲमस्टरडॅमला येऊन गेली आणि तिला कालवेसुद्धा धड दाखवले नाहीत, आता ती नाही. आईने पुढे वाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

स्कारा ब्रेला आधी एक नवं बांधलेलं घर आहे, जुन्या घरासारखं, आत शिरता येईल असं. आई वाकून आत गेली. मधोमध चूल, दोन्ही बाजूंना दगडी चौकटींचे बिछाने, समोर दगडांची मांडणी. बिछान्याच्या लांबीकडे बघून म्हणाली, पाय दुमडून झोपत असतील. मग समुद्राकडेची वाट. वारा असा की पदर डोक्यावर टिकेना, शेवटी तिने तो कमरेला खोचला. आणि मग खाली ती घरं. छप्पर नसलेली, गवताच्या काठांतून खाली उतरलेली, एकाला एक चिकटलेली, मधून अरुंद बोळ. वरून एकदम सगळं गाव दिसतं. कुठे कोण निजायचं, कुठे रांधायचं, कुठून कुठे जायचं.

आई काठाशी उभी राहिली. ताई आणि मी जरा मागे थांबलो. एका घराशी ती इतका वेळ उभी होती की मागून आलेली दोन कुटुंबं पुढे निघून गेली. तेवढ्यात तिथला देखरेख करणारा एक म्हातारा गृहस्थ, जाड जॅकेटातला, तिच्या दिशेने चालत आला. आईने त्याला पाहिलं आणि ती चटकन दोन पावलं मागे सरली. हात झटकले, जसे टेकाडावर झटकायची, आणि पुढे जायला निघाली. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तिला वाटलं की हा आपल्याला हाकलायलाच येतोय. मला मुकादमाचा आवाज ऐकू आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल, पण ते रागाचं होतं, हे मी नक्की सांगते.

त्या गृहस्थाने हाताने एका भिंतीआडच्या बाजूला खूण केली आणि काहीतरी म्हणाला. त्याचं बोलणं मलाही दोनदा ऐकावं लागलं. मग मी आईला सांगितलं, "आई, तो म्हणतोय, या बाजूला उभ्या राहा, वारा लागत नाही. आणि हवं तेवढं थांबा."

"हवं तेवढं?"

"हो. तिकीट काढलंय आपण."

ती त्या बाजूला गेली आणि पुन्हा बघायला लागली. काय बघत होती ते मी विचारलं नाही. फलकांवरचं लिहिलेलं मात्र तिने मला एकेक करून वाचून दाखवायला लावलं. कुठे मी घाईने चार ओळी गाळल्या तर म्हणाली, अजून लिहिलेलं आहे की. शेजारी जुन्या जमीनदाराचा वाडा आहे, तोही त्याच तिकिटात होता. ज्याने हे गाव उकरायला लावलं त्याची टेबलं, त्याच्या बशा, त्याची पुस्तकं. आईने एका दालनात डोकावलं आणि म्हणाली, हे नको, तिकडेच जाऊ परत. आम्ही परत घरांकडे गेलो. ताईंनी डब्यातल्या पोळ्यांची गुंडाळी केली आणि आईच्या हातात दिली. त्या तीन दिवसांत आईला कोणी खायला दिलं ते तेवढंच. आई उभ्याने, समुद्राकडे पाठ करून, घरांकडे तोंड करून खात राहिली. ताईंना दादांचे तीन फोन आले. त्यांनी तिन्हींना एकच उत्तर दिलं की औषध परत द्या आणि गोष्ट सांगा.

बोटीवर दादा माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही जेवढ्यास तेवढंच बोलतात. मंडळात माझ्याबद्दल काय सांगतात ते मला कळलं आहे. की शिकली पण वळण नाही, घरी बोलावून जेवू घालणाऱ्यांशी असं बोलतात का. जेवू कोणी कोणाला घातलं होतं ते जाऊ दे. मला त्यांची माफी मागायची नाही, आणि त्यांनी माझी मागावी अशी अपेक्षाही नाही.

उरलेल्या उन्हाळ्यात बुइटनव्हेल्डर्टहून दोनदा विचारणा झाली, की काकू चार दिवस येतील का, मुलीला त्यांची फार सवय झाली आहे. दोन्ही वेळा आईने स्वतः फोन घेतला आणि नाही म्हणून सांगितलं.

माझ्या आईने स्कारा ब्रे पाहिलं. सगळी घरं पाहिली, सगळे फलक ऐकले, आणि तिचं तिला पुरे वाटलं तेव्हा ती तिथून निघाली.